युजीन स्टोनर : साडेसहा पौंडांची रायफल देणारा माणूस आणि जाम झालेल्या गोळ्यांचा हिशेब

व्यक्तिविशेष

बेळगावच्या मराठा सेंटरच्या आसपास राहणाऱ्या, किंवा खानापूर, चंदगड, निपाणी भागातल्या कुठल्याही फौजी घरात रायफलीचा विषय निघाला की पिढ्यांप्रमाणे नावं बदलतात. आजोबा थ्री नॉट थ्रीबद्दल बोलतात, वडील एसएलआरबद्दल, मोठा भाऊ इन्सासबद्दल. आणि आता सीमेवर असलेला मुलगा सिग 716 किंवा एके-203 बद्दल सांगतो. यातल्या एके रायफलीच्या मागचं कलाश्निकोव्ह हे नाव सगळ्यांना पाठ आहे. पण सिग 716 ची मूळ रचना ज्या माणसाच्या डोक्यातून निघाली, त्या युजीन स्टोनर यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

अमेरिकेची एम-16, तिची धाकटी बहीण एम-4 कार्बाइन आणि त्या घराण्यातल्या जगभरच्या असंख्य रायफली ही स्टोनर यांची देणगी. सैनिकाला किती वजनाची रायफल द्यावी, गोळी जाड असावी की बारीक, आणि कुठल्या कामाला कुठली रायफल योग्य, हा वाद आजही आपल्या लष्करात चालू आहे. त्या वादाची आधुनिक सुरुवात याच माणसाच्या टेबलावर झाली. त्यांच्या रायफलीमुळे सैनिकाच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. पण तीच रायफल ऐन लढाईत अडकली आणि अनेक तरुण प्राणाला मुकले. त्यात चूक कुणाची, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

पदवी नाही, पण हात चालणारा

युजीन मॉरिसन स्टोनर यांचा जन्म 22 नोव्हेंबर 1922 रोजी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या गॉस्पोर्ट या लहान गावी झाला. कुटुंब पुढे कॅलिफोर्नियात आलं. लाँग बीचला त्यांचं शालेय शिक्षण झालं. इंजिनिअरिंगची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. शाळा संपल्यावर ते व्हेगा एअरक्राफ्ट या विमान कंपनीत लागले आणि विमानांवर शस्त्रं बसवण्याचं काम शिकले.

दुसऱ्या महायुद्धात ते मरीन कोअरमध्ये भरती झाले. तिथेही काम तेच, विमानांवरच्या तोफा आणि मशीनगन सांभाळण्याचं. दक्षिण पॅसिफिक आणि उत्तर चीन या भागांत त्यांनी सेवा केली. युद्ध संपल्यावर विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या मशीनशॉपमध्ये ते नोकरीला लागले आणि हळूहळू डिझाइन इंजिनिअर झाले. रायफली बनवणं हा फावल्या वेळचा छंद होता.

या विमानाच्या अनुभवाचं महत्त्व पुढे कळलं. त्या काळचे बंदूक बनवणारे कारागीर पोलाद आणि अक्रोडाचं लाकूड यांच्या पलीकडे बघायला तयार नव्हते. स्टोनर मात्र ॲल्युमिनियम, फायबरग्लास, प्लॅस्टिक यांच्यात वाढलेले. विमानात एकेक ग्रॅम वाचवायचा असतो. तोच हिशेब त्यांनी रायफलीला लावला.

एआर म्हणजे आर्मालाइट

1954 मध्ये स्टोनर आर्मालाइट या छोट्या कंपनीचे मुख्य अभियंता झाले. फेअरचाइल्ड या विमान कंपनीची ही एक शाखा, हॉलिवूड भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मोजक्या माणसांवर चालणारी. एआर-10, एआर-15 या नावांतलं एआर म्हणजे असॉल्ट रायफल असं अनेकजण समजतात. ते तसं नाही. ते आर्मालाइट या कंपनीचं नाव आहे.

तिथे त्यांनी एआर-10 तयार केली. गोळी 7.62 बाय 51 मिलिमीटरची, म्हणजे नाटोची जाड गोळी; आपल्या एसएलआरचीही तीच. पण रायफल त्या काळाच्या मानाने फारच हलकी. त्यात तीन गोष्टी मुख्य होत्या.

पहिली, बोल्ट. गोळी सुटताना मागे येणारा प्रचंड दाब रायफलीच्या बाहेरच्या खोक्याने सोसायचा ही जुनी पद्धत. स्टोनर यांनी बोल्टचे दात सरळ नळीच्या मागच्या टोकालाच अडकवले. दाब पोलादानेच पोलादावर घेतला. मग बाहेरचं खोकं ॲल्युमिनियमचं केलं तरी चालतं.

दुसरी, गॅसची वाट. गोळीमागचा थोडा गॅस एका बारीक नळीतून थेट मागे बोल्टच्या वाहकात सोडला आणि त्याच्याच जोरावर बोल्ट उघडला. वेगळा लांब दांडा नको, वजन वाचलं.

तिसरी, दस्ता. नळीच्या सरळ रेषेतच दस्ता ठेवला. त्यामुळे झटका सरळ खांद्यात जातो, रायफलीचं तोंड वर उसळत नाही आणि लागोपाठ गोळ्या झाडताना नेम फार हलत नाही.

नळी फुटली, संधी गेली

अमेरिकन लष्कर त्या वेळी दुसऱ्या महायुद्धातल्या एम-1 गॅरंडची जागा घेणारी रायफल शोधत होतं. मैदानात दोन स्पर्धक आधीच होते. एक टी-44, म्हणजे गॅरंडचंच सुधारलेलं रूप, आणि दुसरी बेल्जियमची एफएएल, जिच्यावरून पुढे आपली एसएलआर झाली. एआर-10 उशिरा आली. त्यात कंपनीच्या वरिष्ठांनी वजन आणखी कमी करायच्या हौसेपोटी ॲल्युमिनियम आणि पोलाद यांची मिश्र नळी बसवायला लावली. 1957 च्या सुरुवातीला स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारात कठोर चाचणी चालू असताना ती नळी फुटली. पूर्ण पोलादी नळी नंतर बसवली गेली, पण वेळ निघून गेली होती. त्याच वर्षी टी-44 ही एम-14 या नावाने लष्कराची रायफल ठरली.

एआर-10 नेदरलँड्समधल्या कारखान्यात थोड्या प्रमाणात बनली. सुदानने घेतली, पोर्तुगालने आपल्या छत्रीधारी सैनिकांसाठी घेतली. गोव्यावर 1961 पर्यंत राज्य करणाऱ्या याच पोर्तुगालने पुढे अंगोला आणि मोझांबिकच्या वसाहतयुद्धांत ती वापरली. आफ्रिकेच्या धुळीत आणि जंगलात तिचं नाव चांगलं राहिलं. पण धंदा म्हणून बघितलं तर तोट्याचाच सौदा.

बारीक गोळीचा हिशेब

एम-14 उत्तम रायफल होती, पण तिचं दुखणं वजनात होतं. रिकामी रायफलच चार किलोच्या वर. गोळी इतकी ताकदवान की ऑटोमॅटिकवर टाकली की सैनिकाला ती आवरत नसे. दुसरीकडे दोन्ही महायुद्धांच्या अनुभवावरून अभ्यासक सांगत होते की पायदळाच्या बहुतेक चकमकी तीनशे मीटरच्या आत होतात. आठशे मीटरवर माणूस पाडणारी गोळी सगळ्यांना कशाला?

जनरल विलार्ड वायमन यांनी 1957 मध्ये आर्मालाइटला नवी मागणी दिली. बावीस कॅलिबरची, भरलेल्या मॅगझिनसह सहा पौंडांच्या आसपास वजनाची, पण पाचशे यार्डांवर पोलादी हेल्मेट भेदणारी रायफल. स्टोनर यांचे सहकारी रॉबर्ट फ्रीमाँट आणि जिम सलिव्हन यांनी एआर-10 लहान मापात उतरवली. नवं काडतूस तयार झालं, तेच पुढे 5.56 मिलिमीटर म्हणून जगभर गेलं. ही रायफल म्हणजे एआर-15. प्रत्यक्षात सैन्याच्या हातात गेली तेव्हा ती रिकामी साधारण साडेसहा पौंडांची, म्हणजे 2.9 किलोची होती.

यातला हिशेब कुणालाही कळण्यासारखा आहे. 7.62 नाटोचं एक काडतूस साधारण 24 ग्रॅमचं, 5.56 चं साधारण 12 ग्रॅमचं. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. बारीक गोळी सुटते मात्र सेकंदाला जवळजवळ 990 मीटर वेगाने. झटका कमी, त्यामुळे नवख्या जवानाचाही नेम लवकर बसतो. तोटाही उघड आहे. लांब पल्ल्यावर बारीक गोळीचा जोर लवकर ओसरतो आणि भिंत, झाड, वाळूची पोती यांच्या मागे लपलेल्या शत्रूपर्यंत ती जाड गोळीसारखी पोचत नाही.

लष्कराच्या जुन्या शस्त्रविभागाला ही बाहेरच्या कंपनीची प्लॅस्टिकची रायफल पसंत नव्हती. आर्मालाइटचा पैसा संपत आला होता. 1959 मध्ये कंपनीने एआर-10 आणि एआर-15 चे हक्क कोल्टला विकून टाकले. रक्कम 75 हजार डॉलर, आणि पुढच्या विक्रीवर रॉयल्टी. पुढे काय होणार हे माहीत असतं तर हा व्यवहार इतक्या स्वस्तात झाला नसता.

कलिंगडं फुटली आणि दार उघडलं

1960 च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या एका शेतावर हवाई दलाचे जनरल कर्टिस लेमे यांच्या हातात एआर-15 दिली गेली. त्यांनी कलिंगडांवर गोळ्या झाडल्या, फळांच्या चिंधड्या उडाल्या, आणि जनरलसाहेब खूश झाले. हवाई दलाने 1962 मध्ये 8,500 रायफली मागवल्या. त्याच वर्षी हजारभर रायफली चाचणीसाठी व्हिएतनाममध्ये गेल्या. लहान चणीच्या दक्षिण व्हिएतनामी सैनिकांना त्या फार आवडल्या. दाट जंगल, पन्नास-शंभर मीटरवरची चकमक, दिवसभराची पायपीट. तिथे हलकी रायफल आणि भरपूर गोळ्या हेच कामाचं होतं.

संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी एम-14 चं उत्पादन थांबवलं. 1963 च्या अखेरीस लष्करासाठी 85,000 रायफलींची मागणी निघाली. एआर-15 आता एम-16 झाली होती. स्टोनर 1961 मध्येच आर्मालाइट सोडून कोल्टचे सल्लागार झाले होते. त्यांच्यासाठी हा आनंदाचा काळ असायला हवा होता.

दारू बदलली, विचारलं नाही

गडबड इथून सुरू झाली. स्टोनर यांनी रायफल एका ठरावीक प्रकारच्या दारूसाठी जुळवली होती. त्या दारूने ठरवलेला वेग आणि दाब दोन्ही कायम राखणं उत्पादकाला जड जाऊ लागलं. लष्कराच्या अधिकाऱ्यांनी 1964 मध्ये दुसऱ्या प्रकारची, बारीक गोळ्यांसारख्या दाण्यांची दारू मंजूर केली. जुन्या लष्करी काडतुसांत ती चालत होतीच, मग इथेही चालेल असं धरलं गेलं.

पण या दारूने गॅसचा दाब बदलला. रायफलीचा गोळ्या झाडण्याचा वेग मिनिटाला ठरल्यापेक्षा बराच वाढला. भाग लवकर झिजू लागले, बोल्ट वेळेआधी मागे खेचला जाऊ लागला. शिवाय त्या दारूत मिसळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे गॅसच्या बारीक नळीत आणि बोल्टमध्ये काजळी साचायची. स्टोनर यांना याबद्दल विचारलं गेलं, पण कधी? निर्णय झाल्यावर. त्यांनी हा बदल नको असंच मत दिलं. तोवर शिक्के बसले होते.

दुसरी चूक चेंबरची. अमेरिकी लष्कराच्या आधीच्या रायफलीत जिथे काडतूस बसतं त्या चेंबरला क्रोमचा मुलामा असे, म्हणजे गंज धरत नाही. एम-16 मध्ये तो दिला नव्हता. व्हिएतनामचा पाऊस आणि दमट हवा, चेंबर गंजायचा. गोळी सुटल्यावर रिकामं काडतूस आतच चिकटून बसायचं. तिसरी चूक सर्वांत साधी. ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरवला गेला आणि साफसफाईचे किट अनेक तुकड्यांना दिलेच गेले नाहीत.

परिणाम जवानांनी भोगला. 1967 च्या एप्रिल-मेमध्ये खे सान्ह जवळच्या टेकड्यांवर मरीन सैनिकांची घनघोर लढाई झाली. चिकटलेलं काडतूस काढायला नळीतून सळई घालावी लागायची, ती सळईही प्रत्येकाकडे नसायची. शत्रू समोर, आणि हातातली रायफल सुटी करून बसलेले सैनिक मृतावस्थेत सापडल्याच्या हकिकती पत्रांतून घरी पोचल्या. आईबापांनी ती पत्रं खासदारांना दिली. वर्तमानपत्रांत छापून आलं. आपल्याकडे एखाद्या गावातला जवान शहीद झाला की सारं गाव गोळा होतं. तिथल्या घरांतलं दुःख काही वेगळं नव्हतं. राग मात्र जास्त होता, कारण मुलगा शत्रूमुळे गेला की रायफलीमुळे, हा प्रश्न होता.

समितीसमोर स्टोनर

खासदार रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. स्टोनर साक्षीला आले. मुळातली रायफल आणि मुळातली दारू यांची जोडी नीट चालत होती, दारू बदलल्यावर गणित बिघडलं, हे त्यांनी मांडलं. ऑक्टोबर 1967 मध्ये अहवाल आला. पुरेशा चाचण्या न करता दारू बदलल्याबद्दल लष्कराच्या व्यवस्थेवर समितीने कडक ठपका ठेवला. हा निष्काळजीपणा गुन्ह्याच्या हद्दीपर्यंत जातो, इथवर समिती बोलली.

दुरुस्त्या झाल्या. चेंबरला क्रोम दिलं, बोल्टचा वेग आवरणारा नवा बफर आला, दारूतला चुना कमी केला, साफसफाईचे किट वाटले. जवानांना रायफल कशी राखायची हे शिकवायला 1968 मध्ये प्रसिद्ध चित्रकार विल आयस्नर यांच्याकडून चक्क चित्रकथेची पुस्तिका करून घेतली. सुधारलेली एम-16 ए-1 मग नीट चालू लागली. तिचेच पुढचे अवतार अमेरिकी सैन्याने अर्धशतकाहून अधिक काळ वापरले. पण गेलेली माणसं गेली. आणि एम-16 भरवशाची नाही हा डाग रायफलीला, पर्यायाने स्टोनर यांच्या नावाला, कायम चिकटला.

एकच रायफल, अनेक कामं

स्टोनर तिथेच थांबले नाहीत. कॅडिलॅक गेज कंपनीत त्यांनी स्टोनर 63 ही पद्धत तयार केली. एकाच मूळ सांगाड्याला भाग बदलून लावायचे, की कधी कार्बाइन, कधी रायफल, कधी हलकी मशीनगन. अमेरिकी नौदलाच्या सील कमांडोंनी व्हिएतनाममध्ये तिची मशीनगन आवडीने वापरली. सामान्य पायदळाला मात्र ती नाजूक आणि जास्त देखभालीची वाटली. कमांडोसाठी जे उत्तम ते प्रत्येक जवानाला योग्य असेलच असं नाही, हा धडा यातून मिळाला.

1972 मध्ये ओहायोत त्यांनी भागीदारीत एरेस ही कंपनी काढली आणि तोफांवर काम केलं. वयाच्या अडुसष्टीत, 1990 च्या सुमारास, फ्लोरिडातल्या नाइट्स आर्मामेंटमध्ये ते पुन्हा जुन्या एआर-10 कडे वळले. तिथे तयार झाली एसआर-25, लांब पल्ल्याची नेमबाज रायफल. 10 आणि 15 मिळून 25, असं नावाचं सोपं गणित. स्टोनर यांच्यानंतर अमेरिकी नौदलाने ती मार्क 11 या नावाने घेतली. म्हणजे ज्या 7.62 च्या रायफलीला 1957 मध्ये दार बंद झालं होतं, ती चार दशकांनी वेगळ्या कामासाठी आत आली.

कलाश्निकोव्ह समोर बसले तेव्हा

मे 1990. शीतयुद्ध ओसरत होतं. स्मिथसोनियन संस्थेचे शस्त्र इतिहासकार एडवर्ड इझेल यांच्या पुढाकाराने मिखाईल कलाश्निकोव्ह अमेरिकेत आले आणि स्टोनर यांना भेटले. दुभाषी मध्ये ठेवून दोघं बोलले, एकमेकांच्या रायफली चालवून पाहिल्या. दोघांपैकी कुणाकडेही इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, दोघांनीही महायुद्धात सेवा केली होती. फरक खिशाचा होता. स्टोनर यांना रायफलींच्या विक्रीतून रॉयल्टी मिळत राहिली, ते सुखवस्तू झाले. कलाश्निकोव्ह यांना पदकं मिळाली, रायफलीमागे पैसा नाही.

दोघांच्या रायफलींतला फरकही तसाच मुळातला. एकेच्या भागांत सैलपणा ठेवलेला, गॅसचा जाड दांडा बोल्टसोबत मागे जातो. चिखल, वाळू गेली तरी ती चालते, कमी शिकलेल्या सैनिकालाही पेलते. पण तीनशे मीटरपुढे नेम विरळ होतो. एम-16 चे भाग घट्ट बसवलेले, नेम अचूक, वजन कमी, पण साफसफाई हवीच. कुठली चांगली, या प्रश्नाला एक उत्तर नाही. सैनिक कोण, प्रशिक्षण किती, लढाई कुठे, यावर ते ठरतं.

आपल्या सीमेपर्यंतची वाट

युजीन स्टोनर यांचं 24 एप्रिल 1997 रोजी फ्लोरिडातल्या पाम सिटी इथे कर्करोगाने निधन झालं. वय 74. प्रसिद्धीपासून ते नेहमी लांबच राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत एआर-15 धर्तीच्या नागरी रायफलींनी शाळांत, बाजारांत सामूहिक हत्या झाल्या. त्यांनी हे शस्त्र सैन्यासाठी बनवलं होतं, हे पाहून त्यांना धक्काच बसला असता, असं 2016 मध्ये त्यांच्या कुटुंबीयांना जाहीरपणे सांगावं लागलं.

भारताने नव्वदच्या दशकात एसएलआर सोडून 5.56 ची इन्सास घेतली, कारण तेच. वजन कमी, गोळ्या जास्त. पण काश्मीरमध्ये अतिरेक्याला बारीक गोळी लागूनही तो लढत राहतो, अशी तक्रार जवान करत राहिले. डोंगरात एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर मारा करायचा तर लांब पल्ला हवा. म्हणून 2019 मध्ये भारताने सीमेवरच्या पायदळासाठी 7.62 बाय 51 ची सिग 716 घेतली, 72,400 नग. तिचा सांगाडा एआर-10 च्याच घराण्यातला. बाकीच्या सैन्यासाठी अमेठीजवळ कोरवा इथे एके-203 बनवण्याचा करार 2021 मध्ये झाला. म्हणजे स्टोनर आणि कलाश्निकोव्ह दोघंही आज भारतीय जवानाच्या खांद्यावर आहेत, प्रत्येकजण आपापल्या कामापुरता. खुद्द अमेरिकन लष्करानेही 2022 मध्ये 6.8 मिलिमीटरची जाड गोळी निवडली. चक्र पुन्हा फिरलं.

रायफल कुठलीही घ्या, स्टोनर यांच्या आयुष्यातून एक गोष्ट मात्र बदलत नाही. कागदावर दारू बदलली, मुलामा वाचवला, किटचा खर्च टाळला, तर त्याचं बिल टेकडीवरच्या जवानाला भरावं लागतं. सीमाभागातल्या ज्या घरांतून दरवर्षी मुलं भरतीला उतरतात, त्या घरांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.